स्टिकरखालचे वॅट

"किती वॅटचा?"

विहाराच्या बैठकीत यशवंतकाकांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, आणि शेवटचाही हाच. सेट कोणी बनवलाय, टिकेल किती, मोकळ्या मैदानात चालेल का, यातलं काही त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. पलीकडच्या सेक्टरातल्या मंडळाने गेल्या वर्षी पाच हजार वॅटचा सेट घेतला होता आणि विहाराचे अध्यक्ष असलेल्या काकांना तेव्हापासून झोप गोड लागत नव्हती. आपण माणसं अशीच. टीव्ही इंचावर घेतो, मोबाइल मेगापिक्सेलवर घेतो आणि साऊंड सेट वॅटवर घेतो. हा आकडा कोणी मोजला आणि कसा मोजला, असं कोणी विचारलं की सगळ्यांना एकदम चहाची आठवण होते.

"चार हजार, काका," सेट देणारा बुद्धभूषण म्हणाला. "आणि पाच हजारवाल्यापेक्षा दणकट."

काकांचा चेहरा खुलला. तरी कंपनीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, एकदम हो म्हणेल तर शपथ. त्यांनी मागे वळून साक्षीकडे पाहिलं. "साक्षी, तू एकदा बघून घे गं. तुझा हात लागला की आम्ही निर्धास्त."

साक्षी निघोज्याच्या एका कंपनीत इनकमिंग इन्स्पेक्शनला होती. ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत बाहेरून आलेला प्रत्येक माल तिच्या टेबलावरून पुढे जायचा. माप घ्यायचं, प्लेट वाचायची, चुकीचा निघाला तर लाल पेटीत टाकायचा, हे तिचं दहा वर्षांचं काम. ती सवय घरापर्यंत आली होती. वस्तू उलटी करून तिची मागची प्लेट वाचणारी अख्ख्या ओटास्कीम वस्तीत ती एकटीच. मिक्सर घ्यायला गेली तरी आधी त्याचं बूड बघायची. बायका तिला हसायच्या, आणि फ्रिज घ्यायची वेळ आली की तिलाच सोबत न्यायच्या.

पण त्या दिवशी ती म्हणाली, "काका, दादाचा माल मी काय तपासू?"

बुद्धभूषण तिचा मावसभाऊ. त्याची आई रंभा गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. साक्षीच्या आईने, सोजरबाईने, बहिणीच्या त्या लेकराला हाताला धरून घरी आणलं आणि साक्षीच्या ताटातली अर्धी भाकरी त्याच्या ताटात वाढली. तो आयटीआय शिकला, रेडिओ दुरुस्त करता करता निगडीच्या बसस्टँडमागे त्याने दुकान टाकलं. दुकानाला नाव दिलं रंभा साऊंड सर्व्हिस. साक्षीने डिप्लोमाला जायचं धाडस केलं ते याच दादाच्या भरवशावर. सोल्डरिंग त्याने शिकवलं, मीटर धरायला त्याने शिकवलं.

साक्षीच्या कंपनीत काही सप्लायर 'सेल्फ सर्टिफाइड' असतात. वर्षानुवर्षं एकही पार्ट वाकडा न दिलेले. त्यांच्या पेटीवर हिरवं कार्ड लागतं आणि पेटी न उघडता सरळ लाइनवर जाते. ती उघडून बघितली तर उलट त्यांचा अपमान व्हायचा. साक्षीने भर बैठकीत भावाला तसलं हिरवं कार्ड लावून टाकलं, आणि वर तिला अभिमान वाटला. सेट घ्यायचं ठरलं.

आता हे सगळं कुणासाठी चाललं होतं, ते सांगायला हवं. सोजरबाई गाणारी बाई. बार्शीकडून लग्न होऊन आली तेव्हापासून ओटास्कीममध्ये जयंती म्हणजे सोजरबाईचं गाणं, हे ठरलेलं. माइक नसला तरी तिसऱ्या गल्लीत ऐकू जायची. दोन वर्षांपूर्वी गळ्याला गाठ आली, ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. आधी नुसती कुजबुज उरली. मग हळूहळू सूर परत आला, स्वच्छ आला, फक्त बारीक आला. डॉक्टर म्हणाले, जोर लावू नका, माइकवर गा, काही अडचण नाही. दोन जयंत्या ती खाली खुर्चीत बसून दुसऱ्यांना टाळ्या वाजवत होती. यंदा मात्र महिला मंडळाच्या छबूबाईने पत्रिकेत तिचं नाव छापलं. सोजरबाई तीन महिने रोज पहाटे उठून स्वयंपाकघराचं दार लावून सूर लावत होती. गायचं कुठलं गाणं, तर बहिणीचं. रंभा चिंचवडच्या एका कंपनीत झाडू मारायची आणि झाडता झाडता कडवी रचायची. तव्याच्या काळ्या पाठीवर लेकीला अक्षरं गिरवायला शिकवणाऱ्या एका बाईवर रचलेलं ते गाणं होतं.

"शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे बघ, भूषण," ती भाच्याला म्हणाली होती. "तुझ्या आईचं गाणं हाय. माझा काय, गळा एवढुसा. तुझी मशीन काय करती ते बघू."

"मावशी, तू फक्त ओठ हलव," तो म्हणाला. "बाकी माझ्यावर सोड."

सेट आला. काळी कुळकुळीत पेटी, समोर सोनेरी अक्षरात बोटभर उंचीचा आकडा: ४०००. त्याच्याबरोबर माणसाच्या छातीएवढे स्पीकरचे दोन बॉक्स. विहाराच्या हॉलमध्ये बुद्धभूषणने मोबाइलवरचं एक गाणं लावलं तर खिडक्यांच्या काचा थरथरल्या. काकांनी कानावर हात ठेवले आणि डोळ्यांनी हसले. साक्षीने मागे जाऊन पाहिलं नाही. तिचा हात प्लेटकडे गेला नाही म्हणून तिला स्वतःचंच नवल वाटलं, आणि बरंही वाटलं. जगात एक तरी माणूस असा असावा की ज्याची वस्तू उलटी करून बघावी लागत नाही.

कार्यक्रम बुधवारी होता, संध्याकाळी सात वाजता. विहारामागच्या मैदानात सहाशे खुर्च्या लागल्या. बुद्धभूषण स्वतः मिक्सरवर बसला. पांढरं पातळ नेसून सोजरबाई स्टेजवर आली तेव्हा जुन्या बायकांनी उठून टाळ्या वाजवल्या. पेटीवाल्याने सूर दिला, ढोलकीवाल्याने थाप दिली आणि ती गायला लागली.

पहिलं कडवं पुढच्या चार रांगांनी ऐकलं. पाचव्या रांगेत बसलेल्या साक्षीला ढोलकी ऐकू येत होती, पेटी ऐकू येत होती, आईचे ओठ हलताना दिसत होते. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा, राव!" बुद्धभूषणने बटण फिरवलं. आवाज वाढला तो फाटूनच. सोजरबाईचा तो नितळ सूर बॉक्समधून असा यायला लागला की जणू कोणी पत्र्यावर वाळू चाळतंय. त्याने अजून वाढवला. माइकने किंकाळी फोडली, पोरं कानात बोटं घालून खिदळली. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर डाव्या बॉक्समधून जळल्याचा वास आला आणि तो बंद पडला.

मागच्या रांगा उठायला लागल्या. गप्पा सुरू झाल्या, आइस्क्रीमच्या गाडीभोवती गर्दी झाली. सोजरबाई अजून गात होती. साक्षीला वाटलं धावत जावं आणि आईला मिठीत घेऊन खाली आणावं, पण ती खुर्चीतच राहिली. आई थांबली ते स्वतःहूनच. गाणं अर्ध्यात सोडून तिने सगळ्यांना हात जोडले आणि पदर सावरत पायऱ्या उतरली. त्या पायऱ्या उतरताना ती एकदम म्हातारी दिसली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे कारखान्यांची सुट्टी. सकाळी आठलाच बुद्धभूषण घरी आला. हातात ज्येष्ठमधाची पुडी होती.

"मावशी, रात्रभर डोळा लागला नाही बघ," तो तिच्या पायाशी बसत म्हणाला. "चूक माझीच. तू म्हणालीस तेव्हाच मी तुला अडवायला हवं होतं. आवाज फारच बारीक झालाय गं तुझा. मशीन तरी काय करणार? जे गळ्यातून येतं तेच ती मोठं करते. मी गेनचं बटण फुल्ल केलं, त्याने बॉक्स उडाला."

"म्हंजे माझ्यापायी बॉक्स जळला?"

"जाऊ दे ना आता. बॉक्सचं मी बघतो. तू दगदग करू नको. पोरींना गाणी शिकव, बसल्या बसल्या."

सोजरबाईने मान हलवली. भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला चहा करून दिला. तो गेल्यावर ज्येष्ठमधाचा एक तुकडा तोंडात धरून ती ओट्यापाशी उभी राहिली. "साक्षी," ती म्हणाली, "छबूबाईला सांगून ये. पौर्णिमेच्या कार्यक्रमातून नाव काढा म्हणावं माझं. गळा गेला माझा, माय. भूषण बोलला ते खरं हाय. दुसरं कुणी तोंडावर बोललं नसतं."

साक्षीला रडू आलं. भावाचा राग मात्र आला नाही. खरं बोलायलाही काळीज लागतं, असंच तिला वाटलं.

छबूबाई विहारातच भेटायची, म्हणून ती तिकडे गेली. छबूबाई अजून आली नव्हती. यशवंतकाका मात्र जळालेल्या बॉक्ससमोर तोंड वाकडं करून बसले होते. "हा निगडीला पोचवायचाय. तेवढी वायर सोडव गं," ते म्हणाले.

साक्षी अँप्लिफायरच्या काळ्या पेटीमागे वाकली. तिथे रेटिंगची प्लेट होती आणि प्लेटच्या बरोबर मधोमध एक पिवळा स्टिकर: रंभा साऊंड सर्व्हिस, खाली मोबाइल नंबर. वरची कंपनीची ओळ दिसत होती, खालचा सिरियल नंबर दिसत होता. मधल्या दोन ओळी तेवढ्या झाकल्या होत्या.

तिच्या टेबलावर असं काही आलं असतं तर तिने क्षणभरही विचार केला नसता. लेबलवर लेबल म्हणजे सरळ लाल पेटी. तिचा हात नकळत पुढे गेला. नखाने कोपरा उचलला, स्टिकर नवा होता, सहज निघाला. खाली लिहिलं होतं: आरएमएस आउटपुट, पंच्याहत्तर वॅट, दोन चॅनेल. पंच्याहत्तर दुणे दीडशे. तिने पुन्हा वाचलं. मग शेजारचा फ्यूज बघितला. दोन अँपियर. दोनशेतीस व्होल्ट गुणिले दोन, चारशे साठ. जी पेटी भिंतीतून पुरते पाचशे वॅटसुद्धा ओढू शकत नाही, ती चार हजार बाहेर कुठून टाकणार?

हा हिशेब तिला कोणी शिकवला होता? त्यानेच. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी तिला आरएमएस आणि पीक यातला फरक कळत नव्हता तेव्हा दादा म्हणाला होता, "चाकणच्या मार्केटातला हमाल बघ. पैज लावली तर कांद्याच्या तीन गोण्या एकदम पाठीवर घेईल, दोन पावलं टाकेल आणि टेकेल. ते पीक. दिवसभर न थकता एकेक गोण वाहतो ते आरएमएस. घेताना दिवसभराचं विचारायचं. छातीवरचा मोठा आकडा पैजेचा असतो." इतकं सोपं करून तिला कुठल्याच सरांनी सांगितलं नव्हतं.

काका विचारत होते, काय झालं. तिने बॉक्स तिथेच ठेवला, अँप्लिफायर रिक्षात घातला आणि ती निगडीला गेली.

बुद्धभूषण दुकानात एकटाच होता, सोल्डरिंग करत. तिला बघून हसला. तिने पेटी त्याच्यापुढे उलटी ठेवली. तो प्लेटकडे बघत राहिला आणि त्याचं हसू हळूहळू गेलं.

"अगं, सर्व्हिसचा स्टिकर असतो तो. सगळ्यांना लावतो."

साक्षीने फळीकडे पाहिलं. तसल्याच तीन पेट्या रांगेत होत्या. तिन्हींच्या कडेला, झाकणाजवळ, पिवळा स्टिकर. तिने एकेक पेटी फिरवून मागची प्लेट बघितली. तिन्ही उघड्या.

"यांना कडेला, आणि आमच्याच पेटीला मागे का?"

तो गन पुन्हा वायरीला लावायला वाकला.

"काकांना प्लेट वाचता येत नाही. छबूबाई मागे जाणार नाही. अख्ख्या विहारात ती वाचणारी कोण आहे, दादा?"

त्याने सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली. "तू," तो म्हणाला. "तू बघशील म्हणून लावला."

चार हजाराचं खोटं तिने कदाचित पचवलं असतं. धंद्यात सगळेच बोलतात ते. पण हा एवढासा पिवळा कागद त्याने फक्त तिच्यासाठी कापून, बोट फिरवून, नीट चिकटवला होता. आणि तिने तर पाहिलंच नव्हतं. ती भर सभेत त्याच्या नावाची ग्वाही देत होती तेव्हा तो मनात म्हणत होता, हिचा भरवसा नाही, ही बघेल.

"मी बघितलं नव्हतं, दादा," ती म्हणाली. "तुझा माल म्हणून मी मागे गेलेच नाही. तू स्टिकर लावला नसतास तरी चाललं असतं."

तो एकदम बोलायला लागला. "मग काय करायचं होतं मी? खरा पाचशे वॅटचा सेट दाखवला असता तर काकांनी तोंड फिरवलं असतं. पाचशे? शेजारच्यांचा पाच हजार, आणि आपला पाचशे? लोकांना आकडा हवा असतो. हा माल आठ महिने पडून होता माझ्याकडे. म्हटलं, जयंतीला भाषणं तर असतात, निभावून जाईल."

"तुला माहीत होतं आई गाणार आहे. रंभामावशीचं गाणं."

"वाटलं, ओढून नेईन." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "बदलून देतो. आजच. चांगला सेट देतो, खराखुरा. काकांशीही मी बोलतो, सांगेन लॉट खराब निघाला."

"ते तू देशीलच. सकाळी ज्येष्ठमध कशाला आणलंस?"

त्याने नजर रस्त्याकडे वळवली. बाहेर बसचा कंडक्टर चाकण, चाकण असं ओरडत होता.

"आईला वाटतंय तिचा गळा गेला. पौर्णिमेतून नाव काढायला तिने मला पाठवलंय."

"साक्षी, हात जोडतो, मावशीला सांगू नको." तो खरंच हात जोडून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. "तिच्या नजरेतून उतरलो तर मला दुसरं कोण आहे? तिला वाटतंय ना गळा गेला, वाटू दे. वय झालंय तिचं. आज ना उद्या गाणं सुटणारच होतं."

लहानपणी याच माणसाने तिला पाठीवर घेऊन नाल्याचं पाणी ओलांडलं होतं. आता तो तिच्या आईचा गळा स्वतःच्या इभ्रतीसाठी मागत होता, आणि आपण फार काही मागतोय असं त्याला वाटतही नव्हतं. तिला त्याची किळस आली. मग आपल्याला दादाची किळस आली म्हणून तिला फार वाईट वाटलं. ती दुकानाबाहेर पडली. पेटी तिने तिथेच सोडली.

बसने जावं इतकं अंतर नव्हतं, तरी ती वाटेत उगाच दोन चकरा मारून उशिरा घरी पोचली. सांगितलं तर आईचा गळा परत मिळतो आणि लेक जातो. न सांगितलं तर लेक राहतो, पण उद्यापासून पहाटे स्वयंपाकघराचं दार लागणार नाही. यातलं कमी काय, हे तिला कुठल्याच मापाने मोजता येईना. शेवटी तिला एवढंच उमगलं की गळा आईचा आहे, तेव्हा तो गेला की राहिला हे आईला कळायलाच हवं.

सोजरबाई मेथी निवडत बसली होती. "सांगितलंस का छबूबाईला?"

"नाही." साक्षी तिच्यासमोर बसली. "आई, तुझ्या गळ्याला काही झालेलं नाही. मशीनच खोटी होती. वर चार हजार लिहिलं होतं, आत दीडशेची ताकद. एवढ्याशा ताकदीवर मैदानात कुणाचाच आवाज पोचला नसता. तरण्याताठ्या बाईचाही फाटलाच असता."

आईचे हात थांबले. आधी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मग ते तसंच अडकून राहिलं.

"भूषणला ठाऊक होतं?"

"हो."

"मशीन आणली तवापासून?"

"हो, आई."

"आन् सकाळी? ज्येष्ठमध घेऊन आला तवा?"

इथे तरी खोटं बोलावं असं साक्षीला फार वाटलं. नाही म्हणावं, त्यालाही नंतरच कळलं म्हणावं. पण आई तिच्या डोळ्यांत बघत होती.

"तेव्हाही," ती म्हणाली.

सोजरबाईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. गाठ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशीही ती रडली नव्हती. आता तिचे खांदे हलायला लागले आणि साक्षी पुढे सरकली तसा तिने लेकीचा हात घट्ट धरला.

"गळाच गेला असता तर बरं झालं असतं गं, माय," ती म्हणाली. "गळ्याबिगर जगले असते मी."